"सवय होईल" म्हणाले आणि आठ हजार गेले

मी पतसंस्थेत बसते, दिवसभर पासबुकं आणि व्हाउचर. 46 पूर्ण झाली तोवर चाळिशी लागली नव्हती याचा मला उगाच माज होता, मग गेल्या दिवाळीपासून पासबुक जरा जरा लांब धरायला लागले आणि शेवटी हातच पुरेना. नेमकं तेव्हाच सोसायटीच्या क्लबहाऊसमधे मोफत नेत्र तपासणी शिबिर लागलं. टाय लावलेली दोन मुलं आणि एक मशीन. हनुवटी टेकवायची, आत लांब रस्ता दिसतो आणि टोकाला रंगीत फुगा, तो एकदा धूसर होतो एकदा स्पष्ट होतो, दोन मिनिटांत चिठ्ठी बाहेर. झाली तपासणी! ती जड फ्रेम नाकावर ठेवून काचा बदलत "आता बरं का मघाशी?" विचारतात ना, तसलं काहीच नाही.

मग सुरू झालं. "मॅडम लांबचा, जवळचा दोन्ही नंबर आहे, कॉम्प्युटरवर बसता म्हणजे प्रोग्रेसिव्हच घ्या, ब्लू कटसकट." प्रोग्रेसिव्ह म्हणजे एकाच काचेत वरून खाली लांबचा, मधला, जवळचा नंबर हळूहळू बदलत जातो, मधे रेघ नाही; ब्लू कट म्हणजे निळा उजेड अडवणारी काच. निळा लेझर कार्डावर मारून दाखवला, साध्या काचेतून आरपार आणि त्यांच्या काचेतून गायब, मी आपली बघत बसले. (ब्लू कटने डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसत नाही, 2023 मधे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 17 चाचण्या तपासून हेच सांगितलंय, पण हे मला नंतर कळलं.) 16,000 चा चष्मा फक्त आज 8,000 ला. पैसे लगेच जीपेने, पक्कं बिल मागितलं तर म्हणे त्यावर टॅक्स लागेल. मी पतसंस्थेतली बाई, रोज लोकांना पावती जपून ठेवा सांगते आणि स्वतः मात्र गप्प बसले.

दहा दिवसांनी चष्मा आला. घातला आणि जिना उतरताना पायरी आहे तिथे नाहीच, पाय हवेत. खाली बघितलं की एक धूसर कडं मधे यायचं. पासबुक दिसायचं पण स्क्रीनवरचे आकडे पुसट, मान वर करून करून दुपारपर्यंत मानेला रग लागायची. फोन केला तर "मॅडम, पंधरा दिवस जातात, सवय होईल." आणि गंमत म्हणजे हे खोटं नाहीये! खऱ्या प्रोग्रेसिव्हलाही आठ-पंधरा दिवस जातात, बाजूने धूसर दिसतं, वाचायला डोळे खाली न्यावे लागतात, म्हणून तर मी महिनाभर गप्प सोसत राहिले. महिन्यानंतर फोन बंद.

शेवटी नीट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा छापील कागदावर धरून वरखाली सरकवला, ओळ हळूहळू मोठी व्हायच्या ऐवजी एकदम उडी मारून मोठी झाली. मग काचेवर वाफ सोडून उजेडात धरली. प्रोग्रेसिव्हच्या काचेवर 34 मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कोरीव खुणा असतात, बाहेरच्या बाजूच्या खुणेखाली जवळच्या नंबरचा आकडा. माझ्या काचेवर काहीच नाही. तो साधा बायफोकल होता, लांबचा आणि जवळचा असे दोनच नंबर, फक्त मधली रेघ पुसलेला, म्हणून मधल्या अंतराचं, म्हणजे कॉम्प्युटरचं, त्यात काही नव्हतंच. आणि लांबचा नंबर मला जवळजवळ नाहीच! मशीनचा आकडा म्हणे नुसती सुरुवात, त्यावरून काचा लावून बघायच्या असतात. मला लागत होतं वाचायला साधं +1.50, तो चष्मा 650 रुपयांत झाला. डोळ्याचं प्रेशर आणि पडदाही तपासला, चाळिशीनंतर काचबिंदूसाठी ते बघायलाच हवं म्हणाले, शिबिरात त्याचा विषयसुद्धा निघाला नव्हता.

1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे जीपेचा स्क्रीनशॉट, तोही कुठल्यातरी मुलाच्या नावाचा. तेव्हा शिबिरातून घेणारच असाल तर पक्कं बिल, त्यावर लेन्सचं नाव आणि नंबर, आणि लेन्सचं पाकीट, एवढं घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. प्रोग्रेसिव्ह असेल तर फ्रेम डोळ्यावर चढवून बाहुलीची उंची काचेवर पेनने खूण करून घेतात, माझी कुणी घेतलीच नव्हती, तिथेच उठायला हवं होतं.

आमच्या विंगमधे नऊ जणांनी घेतलेत. वरच्या काकूंना मी वाफ सोडून दाखवलं, तर म्हणाल्या, "अगं मला होतेय हळूहळू सवय." काल लिफ्ट बंद होती, कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी चाचपत उतरत होत्या.