फोटो सप्टेंबरचा, बुकिंग एप्रिलचं

गळ टाकायचा म्हणून भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी एका कॅम्पवर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मुक्काम केला. मी, मेहुणा आणि बारा वर्षांचा भाचा. माणशी १५०० रुपये. त्यात तंबू, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि 'फिशिंग'. पाचपैकी अडीच तारे देतोय, त्यातला दीड एकट्या स्वयंपाकघराचा.

आधी माझीच चूक सांगतो. जाहिरातीत पाणी तंबूपासून हातभरावर होतं. तो फोटो पावसाळा सरतानाचा असणार, हे निदान मला तरी कळायला हवं होतं. मी संगमनेरचा, वडील पाटबंधारे खात्यात. आमच्या घरी 'आवर्तन', म्हणजे धरणातून शेतीला पाळीपाळीने सोडायचं पाणी, हा शब्द सणवारासारखा यायचा. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण १९२६ सालचं, साठवण ११ टीएमसी (अब्ज घनफूट). पावसाळ्यात भरतं आणि शेतीची आवर्तनं सुटत जातात तसं उतरत जातं. हे सगळं पाठ असून बुकिंग करताना मी विचारलं काय, तर संडास साफ असतो का! (असतो.) प्रत्यक्षात तंबूपासून पाण्यापर्यंत दोनशेवर पावलं उतार, त्यातली शेवटची वीस घोटाभर चिखलात. भाच्याची एक चप्पल अजून तिथेच आहे.

रॉडचे २०० रुपये वेगळे घेतले. रिळावर तंगुसाचा (गळाच्या नायलॉन दोरीचा) पार गुंता, आणि गळ एवढा मोठा की त्याला शेळी बांधावी. आमिष म्हणून ब्रेडची स्लाइस. सोबत दिलेला पोरगा भला होता, पण त्याने सगळ्यांची बुचं (दोरीवरचे तरंगते फ्लोट, गळ किती खोल जाईल ते यांवर ठरतं) एकाच खोलीवर बांधली. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. बूच वरखाली करून बघितल्याशिवाय कुठला मासा कुठे आहे ते कळणार कसं? मी घरून बारीक गळ, कुंडीतली गांडुळं आणि शेंगदाण्याची पेंड घालून मळलेली कणीक नेली होती, म्हणून निभावलं. कणकेत थोडा हिंगही घालतो. माशाला तो आवडतो की नाही ठाऊक नाही, वडील घालायचे.

रात्री अकरापर्यंत स्पीकर. शेजारच्या तंबूत कोणाचा तरी वाढदिवस होता, तेव्हा बोलण्यात अर्थ नव्हता.

पहाटे साडेपाचला आम्ही तिघंच खाली उतरलो. साडेसातपर्यंत पाच चिलापी (तिलापिया) लागल्या, सगळ्या तळहाताएवढ्या, सगळ्या गांडुळावर. एकदा मेहुण्याचं बूच सरळ खाली गेलं, रॉड वाकला आणि तंगूस तुटला. तो म्हणतो कटला, पाच किलोचा. मी म्हणतो बुडीत झाडाचं खोड. घरी येईपर्यंत हा वाद चालला आणि कटला सात किलोचा झाला.

तेवढ्यात होडीतून एक गृहस्थ आले: परवानगी कोणाची? आपल्याकडे बहुतेक धरणांतली मासेमारी ठेक्याने मच्छीमार संस्थांकडे असते, त्यामुळे त्यांचं विचारणं रास्तच होतं. कॅम्पवाले फोनवर 'सगळं आपल्या पैशांत आलं' म्हणाले होते. त्यांच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. गृहस्थांनी टोपली बघितली, हसले आणि पुढच्या वेळी आधी विचारा म्हणून निघून गेले. लाज मात्र आम्हाला वाटली.

आता स्वयंपाकघर. मावशींनी चिलापी राख लावून खवलल्या, चिंचेच्या पाण्यात ठेवून गोड्या पाण्याच्या माशाचा चिखलट वास घालवला, मग लसूण-मिरची लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकल्या. सोबत नागलीची भाकरी. भाच्याने तीन खाल्ल्या. चिलापी म्हणतोय मी, भाकऱ्या नाहीत.

जायचं तर दिवाळीनंतर जा, पाणी वर असतं. निघायच्या आदल्या दिवशी काठाचा ताजा फोटो मागवा, आणि परवानगीचं थेट संस्थेकडे विचारा. गळ, तंगूस, शिसं आपलंच न्या.

चप्पल सापडली तर मावशींकडे ठेवा. डाव्या पायाची, निळ्या पट्ट्याची.