बांधबंदिस्ती: घरची बैलजोडी की जेसीबी?

उताराच्या रानात पाणी अडवायचं ठरलं की पहिला फोन जातो तो जेसीबीवाल्याला. त्याआधी एवढा हिशेब करा: एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 1 लाख लिटर पाणी होतं. ते जागीच मुरवायला बांध उंच असण्यापेक्षा समतल रेषेवर, म्हणजे एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेषेवर, असणं महत्त्वाचं. ए आकाराची लाकडी चौकट आणि ओळंबा घेतला की ती रेषा घरच्या घरी आखता येते.

ही रेषा उतारावर नागमोडी जाते, आणि तिच्यावर बैल सहज वळतात. केणी, म्हणजे माती ओढायचं बैलांचं औजार, लावायची, मागच्या माणसाने ती दाबून धरायची, मातीचा ढीग बांधापर्यंत ओढत न्यायचा आणि हात सैल सोडायचा. पुढच्या खेपेला बैल त्याच मातीवरून जातात. थरावर थर खुरांनी दबत जातो, आणि बांध टिकतो तो यामुळेच. जेसीबीने टाकलेली माती भुसभुशीत असते. ती धुमसाने ठोकून दाबली नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात खचते. आमच्या एका तुकड्यात तर यंत्राने खालचा मुरूम वर आणला. तिथली ज्वारी पुढची दोन वर्षं पिवळीच राहिली. यंत्र लावणारच असाल तर वरची काळी माती आधी बाजूला काढायला सांगा, आणि स्वतः उभे राहा.

शेततळं, खोल चर, कठीण मुरूम असेल तर मात्र जेसीबीच. तिथे बैलांना राबवणं हा त्यांचा छळ आहे.

कोकणातल्या भातखाचरांचा हिशेब वेगळा. चिखलणीत नांगर आणि खुरांनी माती कालवली जाते, तिची छिद्रं बुजतात आणि पाणी उभं राहतं. पॉवर टिलरही हे करतो, पण डोंगरावरच्या अरुंद खाचरात तो चढवायचा कसा? चिखलणीचा तोटाही आहे: खालचा थर घट्ट होतो आणि भातानंतरच्या वालाची मुळं अडतात.

खर्चाचं म्हणाल, तर नुसत्या बांधासाठी जोडी विकत घेऊ नका, वर्षभराची वैरण परवडणार नाही. गावात जोडी असेल तर सावड करा, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबा. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात पडकईची, म्हणजे डोंगरउतारावर पायऱ्या पाडून केलेली, खाचरं अशीच एकमेकांच्या मदतीने उभी राहिली.

बांध झाले की उन्हाळ्यात रानात मेंढरं बसवा. लेंडीखताने माती ओल जास्त धरते. पाऊस लागला की मात्र बांधावर एकही जनावर चढू देऊ नका. ओल्या बांधाची कड खुरांनी ढासळते.