नव्या हंटिंग बोला कोणता एरो रेस्ट घ्यावा? गावाकडच्या वावरातून रिव्ह्यू

हंटिंग बो, म्हणजे शिकारीसाठी बनवलेला कंपाउंड (चाकं अन् केबलवाला धनुष्य), घेतला म्हणून रेस्टही, म्हणजे बाण टेकवायचा आधार, हंटिंगवालाच पाहिजे असं काही नसते राजेहो, हे पहिलेच सांगून टाकतो. काहून की आमच्या अचलपूर-परतवाड्याकडची पोट्टे हेच विचारत राह्यतात आणि सगळ्यांच्या मोबाईलमध्ये कोण्या अमेरिकन शिकाऱ्याचा व्हिडिओ असतो, तो झाडावर मचाण बांधून बसलेला, हरणाची वाट पाहून राह्यला, अन् त्याचा रेस्ट बाणाला असा धरून ठेवतो की बो उलटा केला तरी बाण पडत नाही. भारीच आहे. पण आपल्याला झाडावर चढायचं आहे का? आपण सपाट वावरात उभं राहून तीस नाहीतर पन्नास मीटरवर टार्गेट मारतो.

शिकार तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदच आहे, आणि मेळघाट आमच्या इतका जवळ की बो घेऊन मोटरसायकलवर निघालं की कोणीतरी विचारतेच, "काय भाऊ, डुक्कर मारायला चालले का?" रोही अन् डुकरं तूर-हरभरा खाऊन जातात तेव्हा राग मलाही येतो, पण त्याचा अर्ज वनखात्यात द्यायचा, बो टार्गेटसाठीच ठेवायचा. आणि पात्याची टोकं, ते ब्रॉडहेड म्हणतात ना, ते तर घेऊच नका, नाक्यावर बॅगेत सापडलं तर समजावता समजावता संध्याकाळ होईल.

मग हंटिंग बो घेतलाच कशाला? पैसे. माझा भाचा आतापर्यंत इंडियन राउंड मारायचा, म्हणजे बांबूचा धनुष्य, ना नेम धरायची साईट ना रेस्ट. तिकडं ओजस देवतळे नागपूरचा, 2023 मध्ये बर्लिनला फायनलमध्ये 150 पैकी 150 मारून वर्ल्ड चॅम्पियन झाला, प्रथमेश जावकर बुलढाण्याचा, त्यानं त्याच वर्षी शांघायच्या वर्ल्ड कपला सोनं घेतलं, आणि आता 2028 च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिक्स टीम आहे म्हटल्यावर पोरगं कंपाउंडच पाहिजे म्हणून अडून बसलं. चांगला टार्गेट कंपाउंड आमच्या बजेटच्या बाहेर, हंटिंगवाला कितीतरी स्वस्तात येतो आणि ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागं ओढायची ते माप, खूप कमीजास्त करता येते, वाढत्या वयाच्या पोराला तेच बरं. फरक एवढाच की हा बो आखूड असतो, एकतीस-बत्तीस इंच, टार्गेटवाला सदतीस-अडतीसच्या पुढं, त्यामुळं हातात जरा जास्त हलतो. अजून एक, यातले पुष्कळ बो ओढायच्या जोरात सत्तर पाउंडापर्यंत जातात आणि स्पर्धेत कंपाउंडला साठच्या वर चालत नाही, ते आधीच कमी करून घ्या.

आता रेस्ट.

बोसोबत पॅकेजमध्ये बहुतेक वेळा ब्रशवाला रेस्ट येतो, व्हिस्कर बिस्किट म्हणतात तो किंवा त्याचीच कॉपी. गोल रिंग, आत चारी बाजूनं केस, मध्ये भोक, बाण त्यातून जातो. नेटवर लोक याला नावं ठेवतात, मले विचाराल तर नवीन पोरासाठी याच्याइतकी चांगली वस्तू नाही. हलणारा पार्टच नाही, बिघडणार काय? बाण एकदा आत घातला की वारा सुटला, हात थरथरला, पोरगं इकडंतिकडं पाहत राह्यलं, तरी बाण जागेवर. बांबूवरून आलेल्या पोराला रिलीज (दोरी सोडायचा खटका) सांभाळायचं, पीपमधून (दोरीतलं नेमाचं भोक) पाहायचं, वरून बाण पडतो का तेही पाहायचं, एवढं सगळं एकदम नको. तोटे आहेत. पिसं, म्हणजे मागचे प्लास्टिकचे व्हेन, दर बाणाला केसांतून घासून जातात, ते वाकडे होतात, कडा सुरकुततात, म्हणून आखूड आणि कडक व्हेन लावायचे, खरी पिसं तर लावूच नका. वेग थोडा कमी होतो पण तीस मीटरवर ते कळतही नाही. भोकाचा साईज बाणाच्या जाडीप्रमाणं घ्यावा लागतो, मोठ्या भोकात बारीक बाण टाकला तर तो खालच्या केसांवर लोळत राह्यतो. आणि आमचं टार्गेट म्हणजे चिंध्या भरलेली पोती, चुकलेला बाण गवतात, तर बाणाला चिकटलेले दोरे, कुसळं, काळ्या मातीची धूळ हे सगळं त्या केसांत जाऊन बसते. जुन्या टूथब्रशनं झाडत जा. खालचे कडक केस दबले की बाण खाली बसायला लागतो, मग बिस्किट बदलायची वेळ आली समजा.

फॉल-अवे म्हणजे बाण सुटला की रेस्ट खाली पडतो, व्हेन कशालाच लागत नाही. यात दोन जाती आणि सगळा घोळ इथंच आहे. केबलवाल्यात दोरी बोच्या केबलला बांधलेली असते, ओढताना केबल खाली जाते आणि रेस्टला वर ओढते. क्यूएडी कंपनीचे रेस्ट या जातीचे, त्याला अंगठ्यानं वर करायचा खटका असतो अन् बाण चारी बाजूनं बंद, म्हणजे व्हिडिओतल्या शिकाऱ्याला पाहिजे तसं. वस्तू मजबूत आहे यात वाद नाही. पण दोरी अशी बांधावी लागते की रेस्ट शेवटच्या एक-दोन इंचात पूर्ण वर यावा, आणि केबलच्या धाग्यांमधून दोरी ओवायची तर बो प्रेस, म्हणजे बो दाबून केबल ढिली करायचं यंत्र, लागते. ती प्रेस कोणाकडं आहे इथं? क्लॅम्पनं होते, पण मग क्लॅम्प सरकला का ते पाहत राहा. आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत केबल जराशी जरी लांबली तरी टायमिंग हललं, चाचणीच्या कागदाला बाण सरळ भोक न पाडता फाडायला लागतो अन् पोरगं म्हणते, "मामा, माझं काय चुकून राह्यलं?" त्याचं काहीच चुकलेलं नसते.

लिंब म्हणजे बोची वरची-खालची वाकणारी पाती. लिंबवाल्याचं उलटं. दोरी लिंबला बांधलेली, बो नुसता उभा असला की दोरी ताणलेली आणि रेस्ट खाली. ओढलं की लिंब वाकली, दोरी ढिली, आतल्या स्प्रिंगनं रेस्ट वर. सोडलं की लिंब जागेवर अन् रेस्ट खाली. प्रेसची गरज नाही, केबल थोडी लांबली तरी फार फरक पडत नाही. मला सगळ्यात पटलं ते हे की दोरी ऐन स्पर्धेत तुटली तरी रेस्ट वरच राह्यतो, व्हेन घासला तर घासला पण बाण जातो. केबलवाल्याची तुटली तर रेस्ट खालीच, मग बसा. व्हेपर ट्रेल, हॅमस्की हे या जातीतले नावाजलेले. स्वस्त नाहीत, बिस्किटाच्या तिप्पट-चौपट धरून चाला आणि बाहेरून मागवलं तर कस्टमचं वेगळं.

ब्लेडवाला रेस्ट, म्हणजे स्प्रिंग स्टीलची पातळ पट्टी अन् तिच्या टोकावर बाण, मोठ्या स्पर्धांत पुष्कळ कंपाउंडवाले तोच वापरतात. सगळ्यात अचूक, दोरीबिरीची भानगड नाही. पण आखूड हंटिंग बो, नवखं पोरगं आणि उघड्या वावरातला वारा, बाण पट्टीवरून निसटून राहील आणि लक्ष टार्गेटवर कमी अन् बाणावर जास्त. पुढं टार्गेट बो घेतला तर घ्या.

तर आमचं ठरलं ते असं: पहिला सीझन सोबत आलेल्या ब्रशवरच, आणि हात बसल्यावर लिंबवाला. भाच्याच्या बोवर आता तो आहे आणि पन्नास मीटरवरचा ग्रुप, म्हणजे बाणांचा घोळका, दिसण्याइतका आवळला, मात्र त्यात पोराचा हात सुधारला हेही आलंच, सगळं श्रेय रेस्टला देऊन कोणाला पैसे घालायला लावत नाही.

बसवणं घरी होते. बाण रायझरच्या, म्हणजे बोच्या मधल्या मुठीच्या भागाच्या, रेस्टचा बोल्ट बसतो त्या भोकाच्या मध्यरेषेवर आणि रायझरपासून साधारण तेरा-सोळांश इंचावर, म्हणजे जवळपास एकवीस मिलिमीटर, इथून सुरुवात करा, बोच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर ते धरा. मग लाकडी चौकटीत वर्तमानपत्र ताणून दोनेक मीटरवरून मारा, फाट कुठं जाते त्याप्रमाणं रेस्ट अगदी केसभर सरकवा. व्हेन घासते का पाहायचं तर त्यावर टाल्कम पावडर लावून एक बाण सोडा, जिथं पुसली तिथं लागून राह्यलं. कोणी हजार रुपये घेऊन ट्यूनिंग करून देतो म्हणाला तर आधी हे स्वतः करून पाहा.

घेताना डावा-उजवा नीट पाहा. भाचा डावखुरा, ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं तरी एका ऑनलाइन दुकानानं उजव्याचा पाठवला आणि परत घ्यायला इतकी टाळाटाळ केली की पाऊस सुरू झाला. आता पैसे भरायच्या आधी डब्यावरच्या लेबलचा फोटो मागवतो. बऱ्याच नवीन बोमध्ये रायझरच्या मागं खाच असते, काही रेस्ट फक्त त्या खाचेतच बसतात आणि जुन्या बोच्या भोकात बोल्ट टाकून बसत नाहीत, तेही विचारून घ्या. आणि फॉल-अवे घेत असाल तर दोरी दोन मीटर जास्तीची मागवा, तालुक्याला मिळत नाही, अन् पतंगाच्या मांजानं काम भागवणारे मी पाह्यले आहेत.