गळकं छत: डागडुजी करावी की बदलूनच टाकावं?

पुणे शहरात वर्षाला सरासरी 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातला माणूस हा आकडा ऐकून हसेल. तरीही दर जुलैत जुन्या इमारतींच्या शेवटच्या मजल्यावर बादल्या मांडलेल्या असतात, कारण छताचं नुकसान पाऊस येण्याआधीच झालेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि गच्चीची फरशी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. संध्याकाळी वळवाची सर आली की ती एकदम गार पडते. कठडा, कोबा (स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) आणि स्लॅब वेगवेगळ्या मापाने ताणले-आकसले जातात आणि जोडांवर चिरा पडतात. जूनमध्ये त्या चिरा आपल्याला फक्त कळतात.

मग ठेकेदार बोलावले जातात. वॉटरप्रूफिंगवाला वॉटरप्रूफिंग सुचवतो, फॅब्रिकेटर पत्र्याची शेड सुचवतो, बिल्डर म्हणतो पाडून टाका. आपापल्या परीने तिघंही खरं बोलत असतात, म्हणूनच गोंधळ वाढतो. माझं मत सरळ आहे. छतात दोन वेगळ्या गोष्टी असतात: भार पेलणारा सांगाडा आणि पाणी अडवणारा थर. पहिल्यात स्लॅब, सळया, वासे, तुळया येतात; दुसऱ्यात कोबा, कोटिंग, कौलं, पत्रा. सांगाडा धड असेल तर छत बदलायचं काही कारण नाही, थर नवा करा. सांगाडा गेला असेल तर वरच्या थरावर केलेला खर्च पाण्यात जातो. म्हणून कोटेशन मागवण्याआधी, काम मिळण्यात ज्याचा काही फायदा नाही अशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेगळी फी देऊन छत दाखवा. पूर्ण कामाच्या मानाने ही फी किरकोळ असते.

स्लॅबची गच्ची

छताला पडलेला ओलीचा डाग बघून घाबरू नका आणि डाग नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायला हवं. गच्चीवरच्या टाकीचा गळका व्हॉल्व्ह, पावसाच्या पाइपाचं तुंबलेलं तोंड, कठडा आणि गच्ची यांच्या कोपऱ्यातला फुटलेला वाटा (तिथे सिमेंटने केलेली गोलाई), सोलर हीटरचा स्टँड बसवताना कोब्यात मारलेली भोकं, यातलं काहीही असू शकतं. उन्हाळ्यातही डाग ओला असेल तर पावसाला दोष देऊ नका, टाकी बघा. कोरड्या दिवसांत गच्चीचे भाग पाडून, कडेला मातीचे बांध घालून प्रत्येक भागात दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवलं की कोणता भाग गळतो ते कळतं. पुष्कळदा उत्तर एका कोपऱ्यापुरतं असतं. तिथे अख्ख्या गच्चीचं काम काढणं म्हणजे ठेकेदाराची दिवाळी.

सांगाड्याची तपासणी याहून महत्त्वाची. काँक्रीट अल्कधर्मी असतं, तोवर आतली सळई सुरक्षित राहते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि ही अल्कता कमी होत जाते. ही घट सळईपर्यंत पोहोचली आणि त्यात ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असतं, त्यामुळे तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. खोलीत पडलेले पोपडे चुन्याचे आहेत की काँक्रीटचे, हा म्हणूनच पहिला प्रश्न. काठीने ठोकून बघा: धड भागाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. इंजिनिअर ताज्या खाचेत फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारतो. गुलाबी रंग आला तर काँक्रीट अजून जिवंत आहे, रंग आलाच नाही तर अल्कता गेली. सोबत काँक्रीटचा दर्जा न फोडता तपासणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी झाली तर बोलण्याला आकड्यांचा आधार मिळतो.

एक जागा लोक हमखास विसरतात, ती म्हणजे बाल्कनी आणि खिडकीवरचा छज्जा. भिंतीबाहेर लटकणाऱ्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. वर पाणी साचून ती गंजत राहते आणि खालून बघणाऱ्याला गुळगुळीत प्लॅस्टर दिसतं. छज्ज्यावर झाड उगवलंय आणि खालून रंग छान आहे, असं दृश्य पुण्यात वाटेल तिथे दिसतं. तिथे उशीर नको.

आता दोन्ही पर्याय शेजारी ठेवू. डागडुजीत सुटलेलं काँक्रीट काढतात, सळई घासतात, ती फार झिजली असेल तर शेजारी नवी जोडतात, गंजरोधक लावतात आणि पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीसाठीची खास मिश्रणं) भरतात. काम खोलीखोलीने होतं, धूळ खाऊन का होईना घरात राहता येतं. यातला तोटा ठेकेदार सहसा सांगत नाही. दुरुस्त केलेल्या तुकड्याच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, काही वर्षांनी नवा गंज धरतो. एक तुकडा झाला की काम संपलं असं नसतं, दर पाच-सात वर्षांनी लक्ष घालावं लागतं. स्लॅब नवा टाकायचा तर वरचा मजला रिकामा करा, खाली टेकू लावा, तोडफोड करा, नवी सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा) उभारा. भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस ठेवावे लागतात, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस. शिवाय पाणी मारणं, नंतर पुन्हा वॉटरप्रूफिंग आणि रंग. लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींनीच भार पेललेलं घर असेल तर ब्रेकरचे हादरे भिंतींनाही बसतात.

म्हणून माझा कल असा: गंज न्हाणीघराच्या वर, पावसाच्या पाइपाजवळ, एखाद्या कोपऱ्यात असेल तर डागडुजी. दोन-तीन खोल्यांच्या मधल्या भागात सळया उघड्या पडल्या असतील, स्लॅबला पोट आलं असेल, तर बदल. पण बदल बंगल्यातच शक्य असतो. बऱ्याच सभासदांच्या सोसायटीत फक्त वरचा स्लॅब बदलल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तिथे प्रश्न पुनर्विकासाचा होतो. त्यासाठी 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार 51 टक्के सभासदांची संमती लागते. ही चर्चा खरंच रंगात आली असेल तर महागडा कोबा घालू नका. कोटिंग करून दोन-चार पावसाळे काढा. पण "येईल बिल्डर" असं नुसतं म्हणत सभा दहा वर्षं चालल्याचीही उदाहरणं आहेत. करार हातात नसेल तर इमारत आपलीच आहे असं समजून खर्च करा.

थर कोणता?

सांगाडा धड निघाला की तीन रस्ते उरतात.

विटांच्या तुकड्यांचा कोबा पुण्यातल्या गवंड्यांच्या हातात बसलेला आहे. नीट उतार काढला, म्हणजे दर 100 फुटांना निदान एक फूट, तर तो 15-20 वर्षं सहज काढतो. गच्चीवर पापड-कुरडया वाळवा, पोरांना खेळू द्या, काही होत नाही. त्याचं दुखणं वजनात आहे. साडेचार इंची कोबा चौरस मीटरला सुमारे 200 ते 220 किलो भरतो, म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर जवळपास 20 टन. वापरात असलेल्या गच्चीवर माणसं आणि सामान यांच्यासाठी मानकात धरलेला भार चौरस मीटरला 150 किलो आहे. म्हणजे जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला की ही राखीव ताकद संपून वर बोजा उरतो. तोडण्याचा आणि राडारोडा उतरवण्याचा खर्च वाचतो म्हणून हा मार्ग सर्रास सुचवला जातो. तो कुणीही सुचवला तरी नाही म्हणा.

कोटिंग हलकं आणि स्वस्त. पांढरं लावलं तर खालच्या खोलीत उन्हाळाही जरा सुसह्य होतो. पण ते कोरड्या, स्वच्छ आणि चिरा भरलेल्या पृष्ठभागावरच धरतं. पाणी साचणाऱ्या गच्चीवर साधं अॅक्रिलिक कोटिंग फुगून सुटतं, पॉलियुरेथेन बरं टिकतं. तीन ते पाच वर्षांनी पुन्हा हात मारायचा, हे गृहीत धरूनच हिशोब करा. उतारच चुकलेला असेल तर कोटिंग हा उपाय नव्हे.

पत्र्याची शेड ऊन आणि पाऊस दोन्ही वरच्या वर अडवते आणि खालचा कोबा म्हातारपणी सुखात राहतो. पण गच्ची गेली, वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडण्याची धास्ती आली, आणि महापालिकेची परवानगी नसेल तर शेड अनधिकृत ठरू शकते. शेडचे खांब इमारतीच्या कॉलमवर घ्या. कोब्यात बोल्ट ठोकून उभी केलेली शेड नव्या गळतीची सोय असते.

छतावर सोलर पॅनेल बसवायचा विचार असेल तर क्रम उलटा करू नका. पॅनेल 25 वर्षं चालतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट आणि त्याहून मोठ्या घरगुती संचाला कमाल 78,000 रुपये अनुदान आहे, म्हणून घाई होते. आधी गच्ची, मग पॅनेल. नाहीतर चार वर्षांनी सगळं उतरवायला वेगळी मजुरी मोजाल.

कौलारू घर आणि वाडा

सदाशिव, कसबा, शनिवार पेठांत उरलेल्या वाड्यांचं गणित वेगळं. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौल घरोघरी पोहोचलं. त्याआधी नळीची कौलं होती. कौलारू छताची मोठी सोय म्हणजे ते सुटं आहे. पावसाळ्यापूर्वी शाकारून घ्यायचं, फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची. निम्मी गळती एवढ्यावर थांबते. कौलं सरकतात ती वानरांमुळे, मांजरांमुळे आणि केबल टाकायला वर चढलेल्या माणसामुळे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसतीलच असं नाही, म्हणून पाडलेल्या वाड्याची त्याच छापाची कौलं मिळाली तर शे-दोनशे जास्तीची घेऊन ठेवा.

खरी परीक्षा लाकडाची. वासा भिंतीवर जिथे टेकतो तिथे तो सर्वात आधी कुजतो, कारण ओल तिथे साठते. तिथे पेचकस खुपसा. टोक टणकन अडलं तर वासा चांगला, सहज आत गेलं तर वासा गेला. दोन-चार वासे आणि रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलून भागत असेल तर सुतार बोलवा. आढं (छताच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) किंवा मुख्य तुळई पोखरली असेल, पाखं (छताची उतरती बाजू) एका बाजूला झुकलं असेल, तर सगळं उतरवून नव्याने बांधा. कौलं तीच वापरता येतात. जुन्या सागाला बाजारात किंमत आहे, हे उतरवताना ध्यानात ठेवा. "लाकूड आम्ही घेऊन जातो, मजुरी कमी लावतो" असं म्हणणारा बहुधा परोपकार करत नसतो.

एक बदल मात्र करू नका: वाड्याच्या जुन्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब. कौलं, रिपा, वासे मिळून चौरस मीटरला जेमतेम 60-70 किलो भार येतो. पाच इंची स्लॅबचा एकट्याचा भार 300 किलोंच्या वर, कोबा धरून 500. माती-चुन्यात बांधलेल्या भिंती त्यासाठी उभ्या केलेल्याच नव्हत्या. कौलांऐवजी रंगीत पत्रा चालेल. तो हलका असतो, पण खाली तापतो आणि पावसात फोनवर बोलणं मुश्कील होतं. वाडा वारसा यादीत असेल तर कशालाही हात लावण्याआधी महापालिकेच्या वारसा विभागाला विचारा.

भाडेकरूंसाठी कायद्यात सोय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊन 15 दिवसांत त्याने काही केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना शंभर रुपये भाडं असेल तर वर्षाला 300 रुपये. त्यात शिडीचं भाडंही निघत नाही. म्हणून मालकाशी लेखी ठरवून, खर्च वाटून घेणं हाच व्यवहार्य मार्ग.

साध्या पत्र्याच्या छताबद्दल फार लिहायला नको. गळती बोल्टजवळ असेल तर वॉशर बदला, पत्रा गंजून चाळण झाला असेल तर पत्रा बदला. फक्त जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात अॅसबेस्टॉस असतं. तो कापू-फोडू नका, ओला करून अखंड उतरवा. त्यावर चालूही नका, तो माणसासकट खाली येतो.

सोसायटीत खर्च कुणाचा आणि काम कधी

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) पावसाच्या पाण्याने होणारी गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. वरच्या मजल्यावरच्या सभासदाने एकट्याने खिसा रिकामा करायचा नाही. "तुमच्याकडेच गळतंय ना" हे सभेतलं वाक्य उपविधीत कुठेही नाही. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करायचं असतं. तो अहवाल आधीच कपाटात पडलेला असू शकतो, सचिवांकडे मागा.

गळती पावसाळ्यात शोधावी आणि काम दिवाळीनंतर काढावं. ऑगस्टमध्ये छताचे फोटो काढा, डागांभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या महिन्यात डाग रेघेबाहेर गेला की वाढ कळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पृष्ठभाग कोरडा असतो, रणरणतं ऊन नसल्याने पाणी मारलेला कोबा तडकत नाही, आणि ठेकेदारही भाव ऐकून घेतो. मे अखेरीस काम काढलं तर भाव ठेकेदारच ठरवतो.

कोटेशनमध्ये जुना थर तोडणं, राडारोडा उतरवणं, वाटे, पाइपांची तोंडं आणि 18 टक्के जीएसटी हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. शेवटचा हप्ता गच्चीत पाणी साठवून केलेल्या चाचणीनंतर द्या. निदान दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत हातात ठेवा, आणि ते कामाच्या आदेशात आधीच लिहा.