ऑइल गळती शोधण्याचे किट: दोन महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्या फरश्या बसल्या आणि आठवडा उलटायच्या आत माझ्या मोटारसायकलखालच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग उमटला. आधीच्या कोब्यावर तो बहुधा वर्षभर पडत असावा, पण त्या कोब्याचा रंगच असा होता की तो कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. लगेच फलकावर ‘वाहनधारकांनी आपापल्या वाहनांची गळती थांबवावी’ अशी सूचना लागली. तीत नाव नव्हते, पण पुण्यातल्या सोसायटीत सूचना कुणासाठी आहे हे कळायला नावाची गरज पडत नाही. त्या निमित्ताने मी इंजिन ऑइलची गळती घरच्या घरी शोधण्याचे एक किट ऑनलाइन मागवले.

गाडी सोळा वर्षांची, शंभर सीसीची, आडव्या इंजिनाची. किट मागवण्याआधी ती एका गॅरेजमध्ये दोनदा दाखवून झाली होती. पहिल्या वेळी ड्रेन बोल्ट, म्हणजे जुने ऑइल काढायचा तळाचा बोल्ट, आवळून मिळाला. दुसऱ्या वेळी क्लच कव्हरच्या कडेने राखाडी सिलिकॉनचा जाड थर फिरवण्यात आला आणि त्याचे चारशे रुपये घेतले गेले. थेंब दोन्ही वेळा परत आला. तेल जिथून ठिबकते तिथूनच ते निघते असे धरून काम केले की हेच होणार. इंजिनातून बाहेर आलेले तेल उताराने खाली येते आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. ड्रेन बोल्ट सर्वांत खाली असल्यामुळे तेल कुठूनही आले तरी थेंब बहुतेक वेळा त्याच्याच डोक्यावर तयार होतो आणि आळ त्याच्यावर येतो. शोधायची असते ती सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा, आणि ती शोधायला आधी इंजिन कोरडे ठणठणीत असावे लागते.

किट मला ६४९ रुपयांना पडले. ब्रँडचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हुबेहूब हाच माल तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकला जात असल्याचे मी पाहिले आहे. डबीत रंगद्रव्याच्या चार छोट्या बाटल्या, बोटभर लांबीचा एक टॉर्च, पिवळ्या काचांचा चष्मा आणि घडी घातलेले एक माहितीपत्रक निघाले. तत्त्व साधे आहे: रंगद्रव्य इंजिन ऑइलमध्ये मिसळायचे, गाडी फिरवून आणायची आणि अंधारात अतिनील प्रकाशाचा झोत इंजिनावर टाकायचा. तेल जिथून बाहेर आले असेल तिथे ते पोपटी-पिवळे चमकते. पिवळा चष्मा टॉर्चचा स्वतःचा जांभळा उजेड अडवतो, त्यामुळे ती चमक उठून दिसते.

माहितीपत्रकाविषयी माझी तक्रार आहे. त्यात एक बाटली चार लिटर ऑइलला पुरते एवढेच लिहिले आहे, म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे केवळ चारचाकी होती. माझ्या गाडीत ऑइल बदलताना जेमतेम ९०० मिलिलिटर ऑइल लागते. दुसरे असे की मोटारसायकलचा क्लच बहुधा इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि त्या ऑइलमध्ये भलतेसलते काही गेले तर क्लच घसरू लागतो. म्हणूनच दुचाकीच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए ही ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण पाहून घ्यायची असते. या मुद्द्यावर पत्रकात चकार शब्द नाही. मी एक बाटली चार वेळा पुरेल अशा बेताने इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून रंगद्रव्य घातले, आणि तेही ऑइल बदलायची वेळ जवळ आली असताना, म्हणजे काम झाल्यावर ते जुन्या ऑइलबरोबर निघून जाईल. तेवढ्या काळात क्लचला काही झाले नाही. तरीही हा धोका मी माझ्या जबाबदारीवर घेतला होता, हे सांगणे भाग आहे.

टॉर्चही सामान्यच आहे. त्यावर ३९५ नॅनोमीटर छापले आहे. अशा टॉर्चमधून अतिनील प्रकाशाबरोबर डोळ्यांना दिसणारा जांभळा उजेडही भरपूर पडतो, आणि तोच चमक झाकतो. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च या कामाला अधिक चांगला, पण तो महाग असतो. दिवसाउजेडी हा टॉर्च निरुपयोगी आहे. मला रात्री साडेअकराला पार्किंगमधला दिवा घालवून, चष्मा लावून, जमिनीवर आडवे व्हावे लागले. दुसऱ्या मजल्यावरचे काका कुत्र्याला घेऊन खाली आले होते, त्यांनी आधी चोर समजून हाक मारली आणि नंतर स्वतःच टॉर्च हातात घेऊन वाकले.

मात्र ते नंतरचे. रंगद्रव्याला हात लावण्याआधी दोन गोष्टी बिनखर्चात तपासून घ्याव्यात. पहिली, ऑइलची पातळी. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबावे आणि मग ऑइल मोजायची पट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर जादा ऑइल वाट काढू शकते, आणि तेव्हा दोष सीलचा, म्हणजे दांड्याभोवती बसून तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचा, नसतो. दुसरी, ब्रीदरची नळी. इंजिनाच्या पोटातली हवा याच नळीतून बाहेर पडते. ती चिखलाने किंवा घट्ट झालेल्या तेलाने बुजली की आत दाब वाढतो आणि एरवी धड असलेली सीलेही पाझरू लागतात. माझी पातळी बरोबर होती आणि नळी मोकळी होती.

नंतर सफाई. डिझेल आणि जुना टूथब्रश यांनी इंजिनावरचा सोळा वर्षांचा थर काढायला दोन तास गेले. त्यावर मी कपड्यांच्या पावडरचे पाणी मारले आणि इथे एक चूक केली. रात्री टॉर्च लावला तर सगळे इंजिन निळसर चमकत होते. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरमध्ये जी द्रव्ये घालतात तीच अतिनील प्रकाशात चमकतात, हे तेव्हा लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने पुन्हा धुवावे लागले. पत्रकात ही एक ओळ असती तर माझी एक रात्र वाचली असती.

रंगद्रव्य घालण्याआधी मी जुनी पद्धतही करून पाहिली, कारण ६४९ रुपये सार्थकी लागले की नाही हे ठरवायला तुलना हवी होती. कोरड्या इंजिनावर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरवली आणि वडगावहून खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन परत आलो. उजवी बाजू, म्हणजे जिथे सिलिकॉन फासले होते ते क्लच कव्हर, पांढरीशुभ्र राहिली. तेवढ्यावरच गॅरेजचे निदान निकालात निघाले. हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या टोकाच्या, बाजूलाही काही नव्हते. डावीकडे मात्र पावडर पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, आसपास दोन-तीन ठिकाणी भिजून काळी पडली होती. प्रश्न असा की ते तेल कोणते? चेनला घातलेले तेल स्प्रॉकेटवरून उडून त्याच जागी जमते. गिअरच्या दांड्याचे सीलही तिथेच जवळ, आणि स्प्रॉकेट ज्या दांड्यावर बसतो त्याचे सीलही. पावडरला भिजणे कळते, तेलातला फरक कळत नाही.

या एका बाबतीत किटने आपली किंमत वसूल करून दिली. रंगद्रव्य फक्त इंजिन ऑइलमध्ये होते, चेनच्या तेलात नव्हते. पुन्हा तेवढीच फेरी मारून आल्यावर, डावे कव्हर उतरवून टॉर्च टाकला तेव्हा स्प्रॉकेटभोवतीचा काळा चिकटा मंद राहिला आणि गिअरच्या दांड्याच्या खालच्या अंगाने एक बारीक पोपटी रेघ लखलखीत दिसली. ती सीलच्या कडेवर सुरू होऊन, केसिंगच्या घडीतून वळून, मागे ड्रेन बोल्टपर्यंत गेली होती. काकांनी ती माझ्याआधी पाहिली, हे मान्य केले पाहिजे.

सील आणायला नाना पेठेत गेलो. जुने सील हातात असेल तर तिथे फार बोलावे लागत नाही, कारण सीलवर तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. माझ्या सीलवरचे आकडे झिजले होते. दुकानदाराने गाडीचे नाव आणि साल विचारले, दोन सीले काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, “हे वीसचं आहे, हे पंचावन्नचं. वीसचं नेलंत तर पावसाळ्यात परत याल.” मी पंचावन्नचे घेतले, सोबत ड्रेन बोल्टचा ॲल्युमिनियमचा वॉशर आणि कव्हरचे पॅकिंग. त्याने सिलिकॉनच्या ट्यूबचा आग्रह धरला नाही, ही त्या दुकानाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

बसवण्याचे काम किटच्या कक्षेबाहेरचे आहे, पण नेमकी गळती सापडल्यावर पुढे काय, हा प्रश्न किट घेणाऱ्या प्रत्येकाला पडणार. ऑइल आधी काढून घेतले. गिअरचा पाय काढण्यापूर्वी तो दांड्याच्या कोणत्या दातावर बसला आहे त्याची खूण केली. जुने सील चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटताना दांड्याला ओरखडा पडू देऊ नये, नाहीतर नवे सीलही त्याच रेषेतून पाझरेल. सीलच्या आतल्या ओठामागे एक बारीक गोल स्प्रिंग असते, ती बाजू तेलाकडे, म्हणजे इंजिनाच्या आत जायला हवी. माझ्या जुन्या सीलचा ओठ नखाने दाबला तर वाकत नव्हता, नुसता मोडत होता. रबर उष्णतेने कडक झाले होते.

दांड्याच्या टोकाला दाते असतात आणि त्यांच्यावरून सील सरकवताना नव्या ओठाला काप जातो. त्यासाठी चितळे दुधाच्या पिशवीची पट्टी कापून, तेल लावून, दात्यांवर गुंडाळली. सील तिच्यावरून घसरत जाऊन बसले आणि मग पट्टी ओढून काढली. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट धरून, चारही बाजूंनी हलके हलके ठोकून ते समपातळीत आणले. ड्रेन बोल्टला नवा वॉशर घालून तो बेताने आवळला. ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जोर सहन करत नाहीत, आणि एकदा आटे गेले की पंचावन्न रुपयांच्या कामाचे हजारांत रूपांतर होते. काढलेले ऑइल बाटलीत भरून ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला दिले. ते सोसायटीच्या गटारात ओतण्याचा विचारही करू नये.

सिलिकॉनविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण ऑइल गळतीचे नाव काढले की गॅरेजमधला हात आधी त्या ट्यूबकडे जातो. आरटीव्ही सिलिकॉन वाईट नाही; ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, स्वच्छ आणि कोरड्या पृष्ठभागावर पातळ लावून पुरेसा वेळ दिला तर उत्तम काम करते. पण तेलकट कव्हरवर बाहेरून फासलेले सिलिकॉन धरत नाही, आणि आतून जाड लावले तर कव्हर आवळताना त्याचे तुकडे आत सुटतात. माझ्यासारख्या इंजिनात तळाशी ऑइलची जाळी असते आणि हे तुकडे तिथे जाऊन अडकतात. मी क्लच कव्हरवरचा राखाडी थर खरवडून काढला तेव्हा तो पापुद्र्यासारखा सलग निघून आला. ऑइलमध्ये घालायची गळतीरोधक द्रव्येही बाजारात मिळतात. ती रबर फुगवून तात्पुरती गळती रोखतात, पण मोडणाऱ्या सीलवर त्यांचा इलाज चालत नाही, आणि ओल्या क्लचच्या गाडीत मी तरी ती घालणार नाही.

आता किटचा निकाल. हे किट गळती दुरुस्त करत नाही आणि तसा दावाही करत नाही. इंजिन नीट धुतले नसेल तर ते काहीही दाखवणार नाही. ज्यांच्या दुचाकीची गळती हेडच्या किंवा क्लच कव्हरच्या बाजूला आहे, म्हणजे जिथे दुसऱ्या तेलाचा संबंध नाही, त्यांनी पैसे खर्चू नयेत, घरातली पावडर पुरते. ज्यांची गळती चेनच्या बाजूला आहे, किंवा ज्यांच्याकडे जुनी चारचाकी आहे आणि इंजिन, गिअरबॉक्स व पॉवर स्टिअरिंग यांपैकी नेमके कोण गळते आहे हे कळत नाही, त्यांना हे निश्चित उपयोगी आहे. मात्र संशय ज्याच्यावर आहे त्या एकाच तेलात रंग घालावा, तिन्हींत घातला तर पुन्हा गोंधळ तोच. शक्य असल्यास रंगद्रव्य सुटे घ्यावे आणि ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च वेगळा घ्यावा. झोतात थेट पाहू नये आणि लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. पाचपैकी साडेतीन गुण मी देतो. अर्धा पत्रकासाठी कापला आणि एक टॉर्चसाठी.

सील बदलल्यापासून गाडी अकराशे किलोमीटर चालली आहे. मी महिनाभर रोज रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्राचे पान पसरत होतो, ते कोरडे राहू लागल्यावर बंद केले; पट्टीवरची पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आहे. तीन बाटल्या न फोडता उरल्या आहेत. त्यांतली एक काकांनी त्यांच्या मोटारीसाठी मागून नेली आहे, आणि टॉर्चही सध्या त्यांच्याचकडे आहे.