सांगोल्याची आमदारकी : एका दीर्घ सेवेचे परीक्षण

आमदारकी ही मतदाराने पाच वर्षांच्या बोलीवर घेतलेली सेवा आहे असे मानले, तर तिचे परीक्षणही ग्राहकाच्या नजरेनेच व्हायला हवे. गणपतराव देशमुख ऊर्फ आबा यांनी ही सेवा सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाला १९६२ पासून २०१९ पर्यंत, पराभवाची मधली काही वर्षे वगळता, अकरा वेळा निवडून येऊन दिली, आणि तीही राज्यभर ओसरत चाललेल्या शेतकरी कामगार पक्षाच्या नावावर.

आबांविषयी लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या एसटीच्या प्रवासापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. साधी राहणी खरीच होती, पण तिच्यावरून सेवेची प्रत ठरवणे म्हणजे वेष्टन पाहून मालाची पारख करण्यासारखे आहे. पारख करायची तर पाण्यापाशी जावे लागते. सांगोला हा पर्जन्यछायेतील दुष्काळी तालुका. त्याला कृष्णेचे पाणी मिळायचे तर ते टेंभू आणि म्हैसाळसारख्या उपसा योजनांतून टप्प्याटप्प्याने चढवून आणण्यावाचून उपाय नव्हता. या मागणीसाठी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदांमधून, आणि विधानसभेत बहुतांश काळ विरोधी बाकांवरून, त्यांनी जो चिवट पाठपुरावा केला, तोच मला त्यांच्या सेवेचा गाभा वाटतो. पाणी मात्र फार उशिरा आले. वाट पाहण्यात एक पिढी सरली, हेही याच हिशेबात धरले पाहिजे. कापसाचे क्षेत्र नसलेल्या तालुक्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी करून ती चालवून दाखवणे, ही जमेची दुसरी मोठी बाजू. १९७८ आणि १९९९ मध्ये मंत्रिपदही मिळाले, परंतु त्यांची ओळख मंत्री म्हणून कधीच झाली नाही.

मतदारांनी त्यांना डोळे झाकून निवडले असे म्हणता येत नाही. १९७२ मध्ये त्यांना नाकारले गेले आणि ते १९७४ च्या पोटनिवडणुकीतून परतले. १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी हरले आणि १९९९ मध्ये पुन्हा निवडून आले. माल परत करण्याची मुभा असूनही ग्राहक वारंवार त्याच दुकानी येत असेल, तर त्याचे श्रेय दुकानदाराला द्यावेच लागते.

उणीव दिसते ती पुढच्या फळीत. सांगोल्याबाहेर पक्ष टिकवणे त्यांच्या एकट्याच्या आवाक्यातले नव्हते, हे मान्य. पण तालुक्यात तरी घराबाहेरचा वारस घडवता आला असता. २०१९ मध्ये त्यांनी निवडणूक न लढवण्याचे ठरवल्यावर उमेदवारी नातवाकडे गेली आणि जागा थोडक्यात हातची निसटली. ३० जुलै २०२१ रोजी आबांचे निधन झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ती जागा परत मिळवली. त्यांच्या सेवेचे परीक्षण मुदत संपल्यावर, आजोबांची पुण्याई बाजूला ठेवून, स्वतंत्रपणे करावे लागेल.