लॉक लोमंडच्या रेंजरबाई: पाचपैकी साडेचार तारे

आमचे बाबा वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या लेखी रेंजर म्हणजे साहेब. खाकी, जीप, मागे दोन गार्ड. त्यामुळे स्कॉटलंडमधल्या लॉक लोमंड सरोवराच्या काठी, फर्किन पॉइंटला चिमट्याने बिअरचे रिकामे डबे उचलत आमच्या तंबूपाशी आलेल्या बाईंनी ‘मी इथली रेंजर’ म्हटलं, तेव्हा बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

आणि नेमकी बाबांच्या काखेत बर्चच्या झाडाची वाळकी लाकडं! उभा जन्म मोळीवाल्यांना अडवण्यात गेला आणि आता स्वतःच मोळीसकट सापडले.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने रानामाळात जबाबदारीने फिरायचा, तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना दिलाय. पण लॉक लोमंड ज्यात येतं त्या नॅशनल पार्कातल्या ठरावीक किनाऱ्यांवर 2017 पासून मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो, शिवाय जाळायला लाकूड गोळा करायची बंदी. दंड 500 पौंडांपर्यंत. परवाना काढताना मी हे वाचलं होतं, बाबांना सांगायचं राहिलं. चूक माझीच.

बाईंनी आवाज चढवला नाही. एक ओंडका उलटा करून सालीखाली घर करून राहिलेले किडे दाखवले. मग शेजारच्या कुणाच्या तरी जुन्या राखेपाशी नेलं, हातमोजा काढला आणि उघडा तळवा राखेवर धरला. आत धग आहे का ते बघायला. राख चाळली तर सहा-सात खिळे निघाले. कुणीतरी सामानाची लाकडी पॅलेट जाळली होती. खालची माती पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची असली तर आग आतल्या आत दिवसचे दिवस धुमसत राहते, असं त्या सांगत होत्या. मी मराठीत सांगायच्या आधीच बाबांनी मान डोलावली.

‘पावती कधी फाडणार विचार,’ बाबा हळूच म्हणाले. मी विचारलं. त्या हसल्या. कुणी ऐकलंच नाही तर प्रकरण सरकारी वकिलाकडे जातं, पण तशी वेळ येऊ नये म्हणूनच इतकं बोलत बसते, म्हणाल्या.

अर्धा तारा कापलाय तो त्यांचा नाही, कायद्याचा. त्याच 2003 च्या कायद्यात स्थानिक कौन्सिल रेंजर नेमू ‘शकते’, एवढंच आहे. नेमलेच पाहिजेत असं कुठे नाही. पैशाची ओढाताण झाली की अशा ऐच्छिक कामांवर कात्री चालणारच. लोकांना हक्क द्यायचा आणि तो समजावून सांगणारा माणूस मात्र मर्जीवर सोडायचा, हे काही मला पटत नाही.

जाणार असाल तर परवाना ऑनलाइन मिळतो, शनिवार-रविवारचा आधीच काढा. स्टोव्ह न्या. आणि डोक्यावर घ्यायची जाळी न्या, उन्हाळ्यात चिलटं अक्षरशः फोडून खातात.

बाबांनी लाकडं जिथून उचलली तिथेच एकेक करून ठेवली. तंबूत शिरताना विचारतात, ‘सॅल्यूट ठोकायला हवा होता का रे?’